नावामागचा कारखाना : जुन्या जपानी कॉपी गिटारचं मूळ शोधताना

टेबलावर लेस पॉल घाटाची, म्हणजे अमेरिकेच्या गिब्सन कंपनीच्या प्रसिद्ध मॉडेलसारखी, एक इलेक्ट्रिक गिटार आहे. हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकावर, ‘अँटोरिया’ हे नाव, नेक (गिटारची मान) बॉडीला चार स्क्रूंनी आवळलेला, सनबर्स्ट (मध्ये उजळ, कडेला गडद) रंग, मागे त्या स्क्रूंखाली कोरी क्रोम प्लेट, अनुक्रमांक कुठेच नाही. ही १९७० च्या दशकातली जपानी कॉपी आहे हे बघताक्षणी कळतं. ती कोणत्या कारखान्यातून निघाली हे मात्र उघडल्याशिवाय कळत नाही. तो शोध कसा घेतला, कोणत्या खुणेला किती वजन दिलं आणि का, ते क्रमाने लिहितो.

हेडस्टॉकवरचं नाव सुरुवातीलाच बाजूला ठेवलं. त्या काळातल्या जपानी गिटारवरचं नाव बहुतेकदा विकणाऱ्याचं असे, बनवणाऱ्याचं नव्हे. अँटोरिया हे इंग्लंडमधल्या लीड्सच्या जे. टी. कॉपक या आयातदाराचं नाव. १९५० च्या दशकाच्या अखेरीस याच नावाने टोकियोच्या गुयाटोनने बनवलेल्या गिटार तिथे विकल्या गेल्या. ‘द शॅडोज’ या बँडचा गिटारवादक हँक मार्विन याची सुरुवातीची अँटोरिया त्यांतलीच. १९७० च्या दशकात त्याच नावाखाली मात्सुमोतोच्या फुजिगेनचा माल येऊ लागला. म्हणजे ‘अँटोरिया कोण बनवायचं?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. ‘ही अँटोरिया कोणी बनवली?’ एवढंच विचारता येतं.

इतर नावांचंही तेच. आयबानेझ हे नागोयाच्या होशिनो गाक्कीचं नाव. होशिनो मुळात व्यापारी. १९६२ ते १९६६ अशी मोजकी वर्षं त्यांनी तामा नावाचा स्वतःचा कारखाना चालवून गिटार केल्या, नंतर बाहेरून करून घेतल्या. ग्रेको हे टोकियोच्या कान्दा शोकाईचं, आरिया हे नागोयाच्या आराई कंपनीचं. फर्नांडिस आणि तिचं गिब्सन घाटाचं भावंड बर्नी यांच्यामागेही स्वतःचा कारखाना नव्हता. इंग्लंडातलं सीएसएल म्हणजे चार्ल्स समरफील्ड लिमिटेड, अमेरिकेतलं इलेक्ट्रा म्हणजे सेंट लुईस म्युझिक. हामामात्सुच्या तोकाईसारखे स्वतःचा माल स्वतःच्या नावाने विकणारे कारखाने होते, पण तेही दुसऱ्यांसाठी काम करत.

बनवणारे त्या मानाने थोडे. नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो शहरात दोन मोठे: मात्सुमोकू आणि फुजिगेन. मात्सुमोकू १९५१ पासूनचा लाकूडकामाचा कारखाना. सिंगर शिलाई मशिनची लाकडी कपाटं तिथे होत, पुढे गिटार होऊ लागल्या आणि १९८७ मध्ये तो बंद झाला. फुजिगेन १९६० मध्ये सुरू झाला. नागोयाकडे कासुगा आणि तेरादा, हामामात्सुला तोकाई आणि कावाई. टोकियोची टेस्को १९६७ मध्ये कावाईने घेतली. खरा गोंधळ मात्सुमोतोच्या दोघांत होतो. एकाच शहरातले, एकाच बाजारातून खुंट्या, ब्रिज, प्लेटा घेणारे, आणि दोघेही स्क्रूने बसवलेल्या नेकच्या लेस पॉल करणारे.

म्हणून नेक प्लेटवर भरवसा ठेवू नये. ‘स्टील अ‍ॅडजस्टेबल नेक, मेड इन जपान’ असं कोरलेली प्लेट दिसली की ती मात्सुमोकूचीच, असं विक्रेते सर्रास लिहितात. तशाच प्लेटा फुजिगेनच्या आयबानेझवरही सापडतात. प्लेट चार स्क्रूंवर बसते, कोणीही बदलू शकतं, आणि कारखानाही ती विकतच आणतो. आमच्या गिटारची कोरी प्लेट तर काहीच सांगत नव्हती.

आता उघडायचं काम. आधी पुढून-मागून, हेडस्टॉकचे आणि खुंट्यांच्या पाठीचे फोटो, प्रत्येक फोटोत मिलिमीटरची पट्टी. मग सगळ्या तारा समान सैल केल्या आणि पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावला, म्हणजे तारा खुंट्यांवरून सुटत नाहीत. स्क्रूड्रायव्हर जपानी मानकाचा, म्हणजे जेआयएसचा घ्यावा. जपानी चौफुली स्क्रू साध्या फिलिप्सने उघडायला गेलात तर टोक वर घसरतं आणि डोक्यातली फुली झिजते. जेआयएसचं टोक तळापर्यंत बसतं. नेकसाठी दोन नंबर, पिकअपच्या (तारांचा कंप पकडणाऱ्या चुंबकी भागाच्या) रिंगांसाठी एक नंबर. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत राहिलेल्या गिटारचे स्क्रू लाकडात गंजून धरलेले असतात. सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवावं, निवू द्यावं, मग आधी किंचित आवळून मगच सोडवावं. सरळ उलटा जोर लावला की स्क्रू मधेच तुटतो आणि अर्धा आत राहतो. चारही स्क्रू ज्या भोकातले त्याच क्रमाने पुठ्ठ्यात टोचून ठेवले.

नेक बॉडीतल्या खाचेतून वर उचलताना खाली काय आहे ते हलवण्याआधी बघावं. पातळ लाकडाची चकती, पुठ्ठा, सँडपेपरचा तुकडा असं काही कोन साधायला घातलेलं असतं. त्याची जागा आणि जाडी नोंदवली. मग टॉर्च आडवा धरून खाच आणि नेकची टाच तपासली. आडव्या उजेडात पेन्सिलीचे पुसट आकडे आणि उडालेल्या शाईचे शिक्के दिसतात, समोरून पडलेल्या उजेडात ते नाहीसे होतात. कापसाने पुसू नका, थिनर तर अजिबात नको; शाई जाते आणि पुरावा संपतो.

या गिटारच्या टाचेवर निळसर शाईत ‘५०’ आणि पुढे ‘३’ असा शिक्का मिळाला. तो १९५० समजायचा नाही. जपानी कारखान्यात तारीख शोवा सनात, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सम्राटाच्या कारकिर्दीच्या वर्षांत, घालण्याची रीत होती. शोवा सनात १९२५ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे ५० चा अर्थ १९७५, आणि पुढचा ३ हा महिना धरला तर मार्च. ‘५४’ वाचून १९५४ ची दुर्मिळ गिटार म्हणून चढ्या भावाने विकायला काढलेल्या वस्तू बघितल्या की वाईट वाटतं. ती १९७९ ची असते. एक खबरदारी हवी: शिक्का नेकवर असेल तर तारीख नेकची. स्क्रूने बसणारा नेक सहज बदलता येतो. म्हणून टाचेची भोकं आणि बॉडीची भोकं तंतोतंत जुळतात का, टाचेत बुजवलेली जुनी भोकं आहेत का, हे बघितलं. इथे चारच भोकं होती, एकही बुजवलेलं नाही, आणि खाचेच्या कडेचा लाखेचा (वरच्या चमकदार लेपाचा) ठसा टाचेच्या कडेवर जसाच्या तसा उमटला होता. नेक आणि बॉडी पहिल्यापासून एकत्र आहेत.

त्यानंतर लाकूड. माझ्या मते निम्म्याहून अधिक निकाल इथेच लागतो, कारण खुंट्या-पिकअप विकत मिळतात, पण बॉडी कोरायचा साचा आणि राउटर (लाकूड कोरणारं यंत्र) कारखान्याचा स्वतःचा असतो. पुढचा पिकअप रिंगसकट वर उचलून दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा आत घातला. वरचा फुगीर भाग दाबून वळवलेल्या प्लायवुडचा होता आणि त्याच्या पोटाखाली पोकळी. टेलपीस (तारांचं मागचं टोक धरणारी पट्टी) आणि पिकअप निवडायच्या स्विचच्या मधे बोटाने ठोकलं तरी तो पोकळ नाद येतो. १९७० च्या पहिल्या अर्ध्यात अशा पोकळ-पोटाच्या लेस पॉल खूप झाल्या. फुजिगेननेही केल्या, मात्सुमोकूनेही. तेव्हा प्लायवुड दिसलं म्हणून अमुक कारखाना, असं म्हणता येत नाही. त्याने काळ सांगितला. पुढे जपानी कॉपी भरीव लाकडाच्या आणि चिकटवलेल्या नेकच्या झाल्या. तोकाईची १९७८ ची लेस पॉल रिबॉर्न आणि १९८० च्या सुमाराची ग्रेकोची सुपर रिअल मालिका ही त्या बदलाची टोकाची उदाहरणं.

कारखाना सांगितला तो कंट्रोलच्या खड्ड्याने, म्हणजे आवाज आणि टोनची बटणं जिथे बसतात त्या पोकळीने. मागचं प्लास्टिकचं झाकण काढलं, चार पॉट (त्या बटणांखालचे पोटेन्शिओमीटर) आणि वायरी जागच्या जागी ठेवल्या. खड्ड्याच्या काठावर ट्रेसिंग पेपर चिकटपट्टीने ताणून बसवला आणि ६बी पेन्सिल आडवी धरून काठावरून हलकेच घासली. काठाची रेघ एकास एक मापात कागदावर उमटते. फोटोवरून माप घेण्यात जी भिंगाची वक्रता आड येते ती इथे नसते. त्याच कागदावर झाकणाच्या स्क्रूंची भोकं, झाकण बसायच्या पायरीची रुंदी आणि बॉडीच्या बाहेरच्या कडेपासूनचं अंतर नोंदलं. कोपऱ्यांची गोलाई त्रिज्या-मापकाने घेतली. ती राउटरच्या पात्याची अर्धी जाडी असते, आणि ठरलेल्या कामाला ठरलेलं पातं वापरणारा कारीगर ते उगाच बदलत नाही. खड्ड्याच्या तळाला बॉडी साच्यावर धरून ठेवणाऱ्या खिळ्यांच्या दोन खुणा होत्या. त्यांची जागाही घेतली. शेवटी स्विचकडून येणारी वायर लाकडातून कुठे आणि कोणत्या कोनात बाहेर पडते ते. लांब ड्रिलने पाडलेलं ते भोक साच्याच्या आधाराने पाडलेलं असतं, त्यामुळे एका कारखान्याच्या गिटारांत त्याचा कोन सारखा येतो.

आता जोड हवी होती ती पक्क्या ओळखीच्या गिटारची. ज्याचा कारखाना निःसंशय ठाऊक आहे अशाच वस्तूशी तुलना करावी, नाहीतर एका अंदाजावर दुसरा अंदाज उभा राहतो. आयबानेझने १९७५ च्या उत्तरार्धापासून अनुक्रमांक घालायला सुरुवात केली: पहिलं अक्षर महिना, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, मग दोन आकडी साल, मग चार आकडी क्रम. बी७६२३४५ असा क्रमांक असेल तर फेब्रुवारी १९७६. असा क्रमांक असलेली स्क्रू-नेकची आयबानेझ २३५१, म्हणजे फुजिगेनची लेस पॉल, आणि त्याच काळातली मात्सुमोकूची आरिया, या दोन्हींचे कागद तयार होते. काचेखाली दिवा लावून एकेक कागद वर ठेवला.

आयबानेझच्या कागदाशी खड्ड्याची रेघ पूर्ण परिघावर अर्ध्या मिलिमीटरच्या आत बसली. साच्याच्या दोन्ही खुणा एकावर एक आल्या, स्विचच्या वायरीचं भोकही. आरियाच्या कागदाशी वरची बाजू जुळवली तर खालचा कोपरा कित्येक मिलिमीटर बाहेर जात होता, पायरीची रुंदी वेगळी, कोपऱ्याची गोलाई वेगळी. हाताच्या सँडिंगने आणि लाखेने एक मिलिमीटरपर्यंत फरक पडतो. त्यापुढचा फरक साचा वेगळा असल्याचा. नेकच्या खाचेची रुंदी मोजताना हेच ध्यानात ठेवावं. पॉलिएस्टरचा थर खाचेच्या भिंतींवर जाड बसतो, दोन्ही भिंती मिळून एक मिलिमीटर सहज खातो. लाखेवरून माप घेतलं की दोन सारख्या गिटार वेगळ्या वाटतात. जिथे लाकूड उघडं आहे तिथेच व्हर्नियर टेकवावा.

लाख पहिलीच आहे की नंतर चढवलेली, हेही बघितलं, कारण नंतरच्या रंगकामात हेडस्टॉकचं नाव बदललेलं असू शकतं. खड्ड्याच्या आतल्या ओघळावर कापसाच्या काडीने जरासा अ‍ॅसिटोन लावला. नायट्रोसेल्युलोज असती तर लगेच चिकट झाली असती. ही ढिम्म राहिली, म्हणजे ती नायट्रोसेल्युलोज नव्हे; जपानी कॉपीत अपेक्षित अशी पॉलिएस्टर असावी. अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च फिरवला तर जुनी लाख सगळीकडे सारखी दिसायला हवी. डागडुजीची जागा निराळ्या छटेची दिसते. हेडस्टॉकवर अमेरिकी कंपनीचं नाव असलेल्या जपानी कॉपींच्या बाबतीत हा टॉर्च खूप काही उघड करतो. नावाभोवतीचा चौकोन वेगळा दिसला की नाव नंतरचं.

इलेक्ट्रॉनिक्सने कारखाना ठरत नाही, पण काय मूळचं आणि काय बदललेलं ते कळतं. तीन पॉटवर ए५००के असं छापलेलं होतं. जपानी पद्धतीत ए म्हणजे लॉगरिदमिक, बी म्हणजे लिनिअर. त्यांच्या दांड्या ६ मिलिमीटरच्या, दाते बारीक, आणि बॉडीतली भोकं ८ मिलिमीटरची. चौथं भोक रुंदावून साडेनऊचं केलेलं, कारण तिथे अमेरिकी पॉट होता. त्याच्या गळ्याला तीन-अष्टमांश इंचाचं भोक लागतं. पॉटवर १३७ ने सुरू होणारा आकडा, म्हणजे सीटीएस कंपनी, त्यामागे साल आणि आठवडा. या आकड्यावरून अख्ख्या गिटारचं वय काढणारे लोक आहेत. पण इथे त्या एका पॉटची सोल्डर चकचकीत होती आणि बाकी तिघांची मंद राखाडी. तो पॉट दुरुस्तीच्या वेळी आला, एवढाच त्याचा अर्थ. टोनच्या हिरव्या कपॅसिटरवर २२३ लिहिलेलं, म्हणजे ०.०२२ मायक्रोफॅरड.

पिकअप उलटून पाहिले तर तळपट्टीवर मॅक्सनची खूण. मॅक्सन म्हणजे निश्शिन ओन्पा. आयबानेझ आणि ग्रेकोच्या कित्येक गिटारांत तेच पिकअप आहेत, त्यामुळे फुजिगेनच्या निष्कर्षाला ते पोषक ठरतात. एकट्याने ते पुरेसे नाहीत, कारण सुटा भाग विकणारा कोणालाही विकतो. मल्टीमीटर २० किलोओहमच्या पट्टीवर ठेवून रोध मोजला. पिकअप पॉटला जोडलेला असताना मोजायचं तर व्हॉल्यूम पूर्ण उघडा ठेवावा. तरीही आकडा खऱ्यापेक्षा किंचित कमी येतो, कारण पॉट समांतर बसलेला असतो. धातूचं झाकण उघडायचा मोह मात्र टाळावा. आतली तार केसाहून बारीक असते, एक ठिकाणी तुटली की पिकअप मुका होतो.

हार्डवेअरचे आटे बघणं उपयोगी पडतं. मूळ जपानी टेलपीसचा खांब एम८ आट्याचा असतो, गिब्सनचा ५/१६ इंचाचा. दोन्ही जवळपास एका मापाचे दिसतात, पण एकमेकांत बसत नाहीत. जोर लावून बसवलेला खांब बॉडीतली धातूची नळी फाडतो. बॉडीतली नळीच बदललेली असेल तर तिच्याभोवती लाख चिरलेली असते.

हेडस्टॉक उघड्या पुस्तकाच्या घाटाचा, म्हणजे गिब्सनसारखा. आयबानेझने तो घाट १९७६ च्या सुमारास बदलायला घेतला होता. त्यामुळे १९७५ च्या शिक्क्याशी हे सुसंगत आहे. इथे ‘लॉसूट गिटार’ या शब्दाबद्दल बोललं पाहिजे, कारण आज १९७० च्या दशकातली प्रत्येक जपानी कॉपी या नावाने विकतात. खटला एकच होता. २८ जून १९७७ रोजी गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने फिलाडेल्फियाच्या न्यायालयात एल्गर या कंपनीवर, म्हणजे होशिनोच्या अमेरिकी शाखेवर, दावा दाखल केला. मुद्दा हेडस्टॉकच्या घाटाचा होता, आणि १९७८ मध्ये प्रकरण बाहेरच मिटलं. तोवर आयबानेझने घाट बदललेलाही होता. आरिया, तोकाई, ग्रेको यांचा त्या खटल्याशी संबंध नाही. गिटारच्या गुणवत्तेशी तर कोणाचाच नाही. या शब्दाखातर एक रुपयाही जास्त देऊ नये.

‘मेड इन जपान’ कुठेच नाही म्हणून गिटार जपानी नाही, असंही नसतं. परदेशी पाठवायच्या मालावर देशाचं नाव घालावं लागे, ते बऱ्याचदा कागदी चिकटपट्टीवर असे आणि निघून जाई. जपानातच विकायच्या ग्रेकोवर ते अनेकदा नसायचंच. देशांतर्गत मालात दुसरी सोय आहे: मॉडेलच्या नावात किंमत दडलेली असते. ग्रेको ईजी-५०० म्हणजे ५०,००० येन, तोकाई एलएस-५० म्हणजेही ५०,००० येन, एलएस-१२० म्हणजे १,२०,०००. त्या वर्षीच्या कॅटलॉगमध्ये त्या किमतीला कोणतं लाकूड, कोणते पिकअप, किती जोडांची बॉडी हे दिलेलं असतं. हातातली गिटार त्याच्याशी ताडून पाहिली की मॉडेल बहुतेक निश्चित होतं. आयबानेझच्या १९८७ नंतरच्या अनुक्रमांकाच्या सुरुवातीचं एफ अक्षर फुजिगेनचं. पण तोवर कॉपीचा काळ सरला होता. १९८२ मध्ये अमेरिकेच्या फेंडर या गिटार कंपनीनेच कान्दा शोकाई आणि यामानो गाक्की यांच्याबरोबर फेंडर जपान उभी केली, आणि तिच्या गिटार फुजिगेनमध्येच होऊ लागल्या.

नेक परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवला. जुन्या आट्याशी आल्यावर तो टक असा खाली बसतो, तिथून सुलटा आवळायचा. नवा आटा पडला की पाच-सहा वेळा उघडून लाकूड भुसा होतं. चारही स्क्रू कर्णाने, थोडे थोडे आवळले, तारा निम्म्या ताणावर आणल्या, मग शेवटचा पाव फेरा.

निष्कर्षाची नोंद तीन शब्दांत वर्गवारी करून लिहिली: खात्री, शक्यता, बदललेलं. बॉडी आणि नेक फुजिगेन, खात्री. साल १९७५, शक्यता, कारण नेकच्या शिक्क्याला पॉटची किंवा बॉडीवरच्या शिक्क्याची दुसरी साक्ष नाही. पिकअप मॅक्सन, मूळचे असण्याची शक्यता. एक पॉट बदललेला, त्याचं भोक रुंदावलेलं. सोबत ट्रेसिंगचा कागद, कोणत्या गिटारशी ताडला तिचा अनुक्रमांक आणि पट्टीसह फोटो. ही नोंद गिटारबरोबरच राहिली पाहिजे, आणि विकायची वेळ आली तर रुंदावलेल्या भोकाचा फोटोही जाहिरातीत हवा. ट्रेसिंगची एक प्रत जवळ ठेवा. पुढची बेनाव लेस पॉल टेबलावर येईल तेव्हा आयबानेझ आणि आरियाच्या कागदांसोबत हाही वर ठेवून बघता येईल.